सिमचे दोन पीसी एकमेकांना दिसेनासे झाले तर काय बघायचं

एका पीसीवर सिम (म्हणजे विमान उडवायचा फ्लाइट सिम्युलेटर) आणि दुसऱ्यावर मूव्हिंग मॅप, इन्स्ट्रुमेंट पॅनल, वेदर, एटीसी (हवाई वाहतूक नियंत्रण) असं काहीबाही, असा सेटअप ज्यांचा आहे त्यांना हा प्रकार कधी ना कधी बघायला मिळतोच. काल रात्री सगळं झकास चालू होतं, आज सिम लोड झालं, विमान गेटवर उभं आहे आणि दुसऱ्या स्क्रीनवरचा मॅप नुसता कनेक्शनची वाट बघत बसलाय. मग लोक काय करतात, तर ॲडऑन (सिमला जोडून चालणारे प्रोग्रॅम) काढून परत टाकतात, सिमकनेक्टच्या (मायक्रोसॉफ्टच्या सिमची दुसऱ्या प्रोग्रॅमशी बोलायची सोय) फायली उडवतात, काही महाभाग तर थेट सिमच रीइन्स्टॉल करायला घेतात. प्लीज असं करू नका. काल चालत होतं म्हणजे सिमच्या फायली काल बरोबर होत्या, त्या आपणहून बिघडत नाहीत. मधल्या काळात काहीतरी बदललंय आणि ते बहुतेक वेळा सिमच्या बाहेरचं असतं, एकतर राउटरने कुठल्यातरी पीसीला नवा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) दिलाय किंवा विंडोजने नेटवर्क पब्लिक (परकं, भरवसा नसलेलं) करून टाकलंय.

म्हणून खालून वर जायचं. आधी केबल, मग आयपी, मग पिंग (समोरचा पीसी उत्तर देतो का बघायची हाक), मग फायरवॉल (बाहेरून येणारी कनेक्शन अडवणारा पहारेकरी) आणि पोर्ट (प्रोग्रॅमचा ठराविक दरवाजा नंबर), आणि हे सगळं पास झालं तरच सिमच्या फायलींना हात लावायचा. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची, पाच गोष्टी एकदम बदलल्या आणि चालू झालं तर कशाने झालं ते कळत नाही आणि पुढच्या वेळी परत पहिल्यापासून सुरू. पुढे मी सिम चालतं त्याला मेन पीसी म्हणतो आणि दुसऱ्याला साइड पीसी.

केबलचं फार काही नाही. दोन्ही पीसींच्या लॅन पोर्टवरचे आणि राउटर किंवा स्विचवरचे लाइट बघा, लागलेले नसतील तर केबल काढून परत नीट टक आवाज येईपर्यंत खोचा, दुसरी केबल लावा, स्विचचा दुसरा पोर्ट वापरून बघा. वायफायवर असाल तर दोन्ही पीसी एकाच नेटवर्कवर आहेत ना ते बघा, एक जण गेस्ट नेटवर्कवर गेला असेल तर त्याला इंटरनेट मिळेल पण दुसरा पीसी दिसणार नाही, गेस्ट नेटवर्क बनवलेलंच त्यासाठी असतं.

आता आयपी. दोन्हीकडे कमांड प्रॉम्प्ट उघडून आयपीकॉन्फिग टाइप करा आणि आयपीव्ही४ ॲड्रेस लिहून घ्या, हो, कागदावरच घ्या, पुढे सारखा लागणार आहे. घरच्या राउटरवर साधारण पहिले तीन आकडे दोन्हीकडे सारखे हवेत, म्हणजे एक १९२.१६८.१.२० तर दुसरा १९२.१६८.१.३५ असं काहीतरी. एकाचा १९२.१६८.१ आणि दुसऱ्याचा १९२.१६८.० असेल तर ते वेगवेगळ्या नेटवर्कवर आहेत, घरात मोडेम आणि राउटर दोन्ही आयपी वाटत असले की असं होतं. आणि १६९.२५४ ने सुरू होणारा आकडा दिसला तर त्या पीसीला राउटरकडून आयपी मिळालाच नाही आणि विंडोजने स्वतःच एक घेऊन टाकलाय, म्हणजे परत केबलकडे जा किंवा राउटर रीस्टार्ट करा.

या लिस्टमध्ये दोन-तीन ॲडॅप्टर दिसले तर घाबरू नका पण नीट वाचा. लॅन आणि वायफाय दोन्ही चालू असतील तर पीसीला दोन आयपी असतात, शिवाय व्हर्च्युअल मशीनचे ॲडॅप्टर, व्हीपीएनचा ॲडॅप्टर असे पाहुणेही असतात आणि लोक बिनधास्त चुकीच्या ॲडॅप्टरचा आयपी उचलून कॉन्फिगमध्ये टाकतात. टेस्ट करेपर्यंत व्हीपीएन बंद ठेवा, केबल लावलेली असेल तर वायफायही बंद.

पिंगचं जरा सविस्तर सांगतो कारण इथेच बरेच जण चुकीचा निष्कर्ष काढतात. साइड पीसीवरून मेन पीसीला पिंग करा, पण कॉम्प्युटरच्या नावाने नको, आयपीने करा, नावाने केलं तर बऱ्याचदा आयपीव्ही६ चा तो लांबलचक ॲड्रेस उत्तर देतो आणि तुम्हाला वाटतं सगळं ठीक आहे, पण तुमच्या सिमच्या फायलीत आयपीव्ही४ लिहिलेलं असतं. रिप्लाय आले तर उत्तम, पुढे चला. नाही आले तर मेसेज काय येतोय ते वाचा, दोन वेगळे मेसेज असतात आणि त्यांचा अर्थ एकदम वेगळा आहे. ‘डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल’ आला, आणि तोही तुमच्या स्वतःच्याच आयपीकडून, तर समोरचा पीसी त्या ॲड्रेसवर सापडतच नाहीये, म्हणजे केबल, चुकीचा आयपी किंवा तो पीसी झोपलाय. पण ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’ आला तर बहुतेक वेळा समोरचा पीसी तिथे आहे, फक्त उत्तर देत नाहीये, आणि ते काम फायरवॉलचं. खात्री करायची असेल तर पिंग मारल्यावर लगेच एआरपी, स्पेस, डॅश ए टाइप करा, समोरच्या पीसीचा आयपी आणि त्यापुढे सहा जोड्यांचा मॅक ॲड्रेस (नेटवर्क कार्डचा स्वतःचा नंबर) दिसला तर वायरिंग शंभर टक्के ठीक आहे, केबलच्या मागे लागू नका. विंडोज पब्लिक नेटवर्कवर पिंगला उत्तरच देत नाही, त्यामुळे पिंग गेलं नाही म्हणजे नेटवर्क मेलं असं अजिबात नाही.

मग पुढचा थांबा नेटवर्क प्रोफाइल. सेटिंग्जमध्ये नेटवर्क अँड इंटरनेट, तिथे तुमचं इथरनेट किंवा वायफाय कनेक्शन उघडा आणि प्रोफाइल टाइप प्रायव्हेट आहे का बघा, दोन्ही पीसींवर. राउटर बदलला, नवीन लॅन कार्ड टाकलं, कधीकधी मोठं अपडेट झालं की विंडोजला ते नवीन नेटवर्क वाटतं आणि ते पब्लिक होतं, आणि तुम्ही पूर्वी फायरवॉलमध्ये प्रायव्हेटसाठी दिलेली परवानगी तिथे लागू होत नाही. माझ्या मते ‘काल चालत होतं’ टाइपच्या निम्म्या तक्रारी इथेच संपतात.

प्रायव्हेट करूनही चालत नसेल तर फायरवॉल. टेस्टपुरता दोन मिनिटं फायरवॉल बंद करून बघायला हरकत नाही, पण चालू झालं की ‘चाललंय ना, राहू दे’ करू नका, परत चालू करा आणि नीट रूल बनवा. ॲडव्हान्स्ड सेटिंगमध्ये इनबाउंड रूल, प्रकार पोर्ट, टीसीपी (डेटा पाठवायची एक पद्धत), आणि तुमच्या सिमकनेक्टच्या फायलीत जो पोर्ट आहे तो नंबर, बरेच जण ५०० वापरतात. हा रूल मेन पीसीवर लागतो, कारण कनेक्शन मागायला साइड पीसी येतो. आता यातली एक खोच, नवीन ॲडऑन पहिल्यांदा चालवलं की विंडोज परवानगी विचारणारी एक खिडकी उघडतं, आणि सिम फुलस्क्रीन असेल तर ती मागे लपते, मग आपण बाहेर आल्यावर कसलीतरी खिडकी दिसली म्हणून कॅन्सल करून टाकतो. कॅन्सल केलं की विंडोज त्या प्रोग्रॅमसाठी ब्लॉकचा रूल बनवतं, आणि ब्लॉक असेल तर तुमचा परवानगीचा रूल कितीही बरोबर असला तरी ब्लॉकच जिंकतो. इनबाउंड रूलच्या यादीत सिमच्या किंवा ॲडऑनच्या नावापुढे लाल खूण दिसली तर तो रूल डिलीट करा. अँटीव्हायरसची स्वतःची फायरवॉल असेल तर हेच सगळं तिथेही बघावं लागतं.

आता पोर्टची टेस्ट, ही फार कमी लोक करतात पण यानेच फैसला होतो. मेन पीसीवर सिम पूर्ण चालू करा, मेनूपर्यंत तरी. कमांड प्रॉम्प्टमध्ये नेटस्टॅट, स्पेस, डॅश एएनओ द्या आणि तुमच्या पोर्टपुढे लिसनिंग लिहिलंय का शोधा. मग साइड पीसीवर पॉवरशेल उघडून टेस्ट-नेटकनेक्शन, स्पेस, मेन पीसीचा आयपी, स्पेस, डॅश पोर्ट, स्पेस, पोर्ट नंबर. शेवटच्या ओळीत ट्रू आलं तर नेटवर्क आणि फायरवॉल दोन्ही सुटले, राहिलेला घोळ साइड पीसीवरच्या कॉन्फिगमध्ये किंवा ॲडऑनमध्ये. मेनवर लिसनिंग दिसतंय पण इकडे फॉल्स, तर फायरवॉल. मेनवर लिसनिंगच नाही, तर सिमने तुमची फाइल वाचलेली नाही, फायरवॉलला उगाच दोष देऊ नका.

इथपर्यंत आलात तर आता सिमच्या फायली. मेन पीसीवर सिमकनेक्ट डॉट एक्सएमएल आणि साइड पीसीवर सिमकनेक्ट डॉट सीएफजी, ही अदलाबदल झालेली मी कितीतरी जणांकडे बघितली आहे. एक्सएमएलमध्ये स्कोप ग्लोबल हवा, लोकल असेल तर बाहेरचा पीसी आत येऊच शकत नाही, प्रोटोकॉल आयपीव्ही४, डिसेबल्ड फॉल्स, आणि ॲड्रेस मेन पीसीचा स्वतःचा. सीएफजीमध्येही ॲड्रेस मेन पीसीचाच, साइड पीसीचा नाही, आणि पोर्ट नंबर दोन्हीकडे तोच. म्हणजे मेन पीसीचा आयपी बदलला तर दोन्ही फायली बदलाव्या लागतात, एकच बदलून लोक डोकं धरून बसतात. ही कटकट कायमची घालवायची असेल तर राउटरमध्ये जाऊन मेन पीसीच्या मॅक ॲड्रेसला एक आयपी राखून ठेवा, पीसीत हाताने आयपी टाकण्यापेक्षा हे बरं, कारण हाताने टाकलेला आयपी उद्या राउटर कुठल्यातरी मोबाइललाही देऊ शकतो आणि मग दोघांची मारामारी.

एक्सएमएल कुठे असते ते सिमवर अवलंबून आहे. मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर २०२० ची स्टीम कॉपी असेल तर ॲपडेटा रोमिंगमध्ये सिमच्या नावाच्या फोल्डरमध्ये, स्टोअरची कॉपी असेल तर ॲपडेटा लोकलच्या पॅकेजेसमध्ये सिमच्या पॅकेजच्या आत लोकलकॅशमध्ये. सीएफजी सहसा साइड पीसीच्या डॉक्युमेंट्समध्ये किंवा ॲडऑनच्या प्रोग्रॅमशेजारी ठेवतात. डॉक्युमेंट्सचं एक बघा, वनड्राइव्हने बॅकअप चालू केला असेल तर डॉक्युमेंट्स फोल्डर वनड्राइव्हच्या आत सरकलेला असतो, तुम्ही जुन्या जागी फाइल ठेवता आणि ॲडऑन नव्या जागी शोधतं. दुसरं, नोटपॅडने सेव्ह केलेली फाइल दिसायला सिमकनेक्ट डॉट सीएफजी असते पण खरं नाव असतं सिमकनेक्ट डॉट सीएफजी डॉट टीएक्सटी, कारण विंडोज एक्स्टेन्शन लपवतं. एक्सप्लोररच्या व्ह्यू मेनूत फाइल नेम एक्स्टेन्शन्स चालू करा म्हणजे लगेच उघडं पडेल. आणि एक्सएमएल बदलल्यावर सिम पूर्ण बंद करून परत चालू करा, चालू सिम ती फाइल परत वाचत नाही.

वाइडएफएस (सिमचा डेटा दुसऱ्या पीसीला देणारा प्रोग्रॅम) वापरणाऱ्यांसाठी, साइड पीसीवरच्या वाइडक्लायंटच्या आयएनआय फाइलमध्ये सर्व्हरचा आयपी आणि प्रोटोकॉल टीसीपी हे दोन्ही स्वतः लिहा, ते आपोआप शोधतं यावर विसंबू नका. फायरवॉलमध्ये त्याचा पोर्ट ८००२. त्याची लॉग फाइल शेजारीच असते, ती खरोखर वाचण्यासारखी आहे. एक्स-प्लेन या दुसऱ्या सिमवाल्यांचं गणित थोडं वेगळं, तिथे डेटा यूडीपीने (टीसीपीपेक्षा वेगळी पद्धत) जातो आणि सिम ४९००० पोर्टवर ऐकतं, त्यामुळे वरची टेस्ट-नेटकनेक्शनवाली ट्रिक इथे चालत नाही, ती टीसीपीसाठी आहे. नेटवर्क सेटिंगमधले आयपी आणि फायरवॉलमध्ये यूडीपीचा रूल एवढंच बघायचं, टीसीपीचा रूल करून उपयोग नाही.

राउटरशिवाय दोन पीसी थेट एका केबलने जोडले असतील तर दोन्हीकडे आयपी हाताने द्या, १०.०.०.१ आणि १०.०.०.२, मास्क २५५.२५५.२५५.०, गेटवे रिकामा. पण गेटवे नाही म्हणून विंडोज त्याला अनोळखी नेटवर्क म्हणतं आणि पब्लिक करतं, म्हणजे परत फायरवॉल आडवी येते, तेव्हा इथे रूल बनवताना पब्लिकलाही टिक करा. ही दोघांमधलीच वायर आहे, बाहेरचं कोणी येत नाही, पण रूलमध्ये रिमोट ॲड्रेसला दुसऱ्या पीसीचा आयपी टाकून ठेवा, कारण तोच पब्लिक रूल तुमच्या वायफायलाही लागू होतो.

शेवटचा प्रकार म्हणजे कनेक्शन होतं पण उडता उडता मध्येच तुटतं, आणि हे नेमकं अप्रोचवर (उतरायच्या तयारीत असताना) होतं असं सगळ्यांनाच वाटतं. यात पहिला संशयित साइड पीसीची झोप. मॅप दाखवणाऱ्या पीसीच्या कीबोर्डला तासभर कोणी हात लावत नाही, विंडोजला वाटतं मालक गेला आणि ते स्लीपमध्ये जातं. पॉवर सेटिंगमध्ये स्लीप नेव्हर करा. मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये लॅन कार्डच्या प्रॉपर्टीज उघडून पॉवर मॅनेजमेंटमधली वीज वाचवायला हे डिव्हाइस बंद करू द्यायची टिक काढा, ॲडव्हान्स्डमध्ये एनर्जी एफिशियंट इथरनेट असेल तर तेही डिसेबल करून बघा. तरीही तुटत असेल तर फ्लाइटच्या आधी साइड पीसीवरून पिंग, स्पेस, मेन पीसीचा आयपी, स्पेस, डॅश टी लावून खिडकी कोपऱ्यात चालू ठेवा. मॅप गोठला त्या क्षणी पिंगही थांबलं तर नेटवर्क, पिंग चालूच राहिलं आणि फक्त मॅप मेला तर ॲडऑन किंवा सिम. आणि जाता जाता कनेक्शनच्या स्टेटसमध्ये स्पीड बघा, दोन्हीकडे गिगाबिटचे पोर्ट असून तिथे १०० एमबीपीएस दिसत असेल तर केबलमधली एखादी जोडी गेलेली असण्याची दाट शक्यता आहे, अशी केबल दुरुस्त करत बसू नका, टाकून द्या.