फॉरमॅट मारण्याआधी: घरचा रडतखडत चालणारा कॉम्प्युटर कसा ताळ्यावर आणावा

कॉम्प्युटर स्लो झाला की नाशिकचं सिडको असो वा गंगापूर रोड, पहिला सल्ला ठरलेला: "फॉरमॅट मारून टाका," म्हणजे सगळं पुसून विंडोज नव्याने टाका. मारायला हरकत नाही, पण तो अगदी शेवटचा उपाय. बऱ्याचदा सुटीच्या एका दुपारी घरबसल्या काम होतं आणि लग्नाचे फोटो, टॅलीचा डेटा जागच्या जागी राहतो. पुढचं सगळं विंडोज १० आणि ११ साठी आहे.

एक पथ्य आधीच सांगतो. व्हायरसची शंका फिटेपर्यंत या मशीनवर नेटबँकिंग नको, कुठलाही पासवर्ड टाइप करणं नको. फोटो आणि डॉक्युमेंट्स बाहेरच्या हार्डडिस्कवर उतरवून घ्या. डाउनलोड केलेले सेटअप मात्र सोबत घेऊ नका, बहुतेकदा घाण तिथेच असते.

आता कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. सीपीयू (म्हणजे प्रोसेसर), मेमरी, डिस्क या मथळ्यांवर क्लिक केलं की सगळ्यात जास्त खाणारा प्रोग्रॅम वर येतो. घाईने निष्कर्ष काढू नका. जुन्या हार्डडिस्कच्या मशीनवर चालू केल्या केल्या डिस्क १०० टक्के दिसणं नेहमीचंच, विंडोज स्वतःची अपडेट्स उरकत असतं. क्रोममध्ये तीसेक टॅब उघडे असतील तर मेमरी भरणारच, तो काही व्हायरस नव्हे. पण काहीही उघडलेलं नसताना विचित्र नावाचा प्रोग्रॅम सीपीयू धरून बसला असेल, तर त्यावर राइट क्लिक करून 'ओपन फाइल लोकेशन' बघा. फाइल टेम्प, म्हणजे तात्पुरत्या फाइल्सच्या फोल्डरात निघाली तर संशय पक्का होत जातो. नाव लिहून ठेवा आणि मोबाइलवर शोधून पाहा.

साफसफाईसाठी वेगळं काही विकत घ्यायची गरज नाही, विंडोजमध्येच डिफेंडर नावाचा अँटिव्हायरस असतो. 'विंडोज सिक्युरिटी' उघडा, 'व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन'मध्ये जाऊन आधी अपडेट करा, मग 'स्कॅन ऑप्शन्स'मधून 'मायक्रोसॉफ्ट डिफेंडर ऑफलाइन स्कॅन' निवडा. उघडी कामं सेव्ह करा, कारण मशीन रीस्टार्ट होतं. साधारण १५ मिनिटं लागतात. विंडोज पूर्ण सुरू व्हायच्या आतच ही तपासणी होते, त्यामुळे एरवी लपून बसणारे व्हायरसही सापडतात. त्यानंतर 'फुल स्कॅन' लावा आणि खुशाल जेवायला बसा, त्याला काही तास लागू शकतात. काय सापडलं ते 'प्रोटेक्शन हिस्टरी'त दिसेल. लॅपटॉपसोबत आलेला, मुदत संपलेला अँटिव्हायरस अजून पडून असेल तर तो काढा. तो गेला की डिफेंडर आपोआप कामाला लागतो. 'पीसी क्लीनर', 'ड्रायव्हर बूस्टर' वगैरे नावांच्या फुकट औषधांपासून लांबच राहा. त्यातली काही औषधं हाच मूळ आजार असतो.

कोपऱ्यात सारखं 'तुमच्या कॉम्प्युटरमध्ये पाच व्हायरस' येतंय? ते बहुधा ब्राउझरचं नोटिफिकेशन असतं. कधीतरी कुठल्या साइटवर 'अलाव' दाबलं गेलेलं असतं. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये नोटिफिकेशन्स उघडून अनोळखी साइट्स काढा, एक्स्टेन्शन्स (ब्राउझरला जोडलेले छोटे प्रोग्रॅम) तेही तपासा. त्या खिडकीत फोन नंबर असेल तर फोन अजिबात करू नका. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या सूचनेत कधीही फोन नंबर नसतो. आधीच पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला कळवा.

पेनड्राइव्हचं प्रकरण वेगळं. मुक्त विद्यापीठाच्या असाइनमेंटची प्रिंट काढायला झेरॉक्सच्या दुकानात दिला, घरी येऊन बघावं तर सगळे फोल्डर शॉर्टकट झालेले! डेटा बहुधा गेलेला नसतो, फक्त लपवलेला असतो. त्या शॉर्टकटवर डबल क्लिक केलंत की व्हायरस आपल्या मशीनमध्ये शिरलाच. आधी पेनड्राइव्ह स्कॅन करा. मग फाइल एक्सप्लोररच्या 'व्ह्यू'मधून 'हिडन आयटम्स' दाखवा. तरीही दिसले नाहीत तर फोल्डर ऑप्शन्समध्ये 'हाइड प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टिम फाइल्स'ची खूण काढा. खऱ्या फाइल्स उचलून घ्या आणि पेनड्राइव्ह फॉरमॅट करा. इथे मात्र बिनधास्त मारा.

मशीन स्वच्छ झालं की वेगाकडे वळा. टास्क मॅनेजरच्या 'स्टार्टअप'मध्ये मशीनसोबत आपोआप सुरू होणारे प्रोग्रॅम दिसतात, त्यातले नको ते डिसेबल करा. सी ड्राइव्हची पट्टी लाल झाली असेल तर विंडोजच्या सेटिंग्जमध्ये 'स्टोरेज'मधल्या 'टेम्पररी फाइल्स' उडवा, पण त्या यादीत 'डाउनलोड्स'ही असतं, तिथे खूण करू नका. एप्रिल-मेच्या उन्हात दुपारीच स्लो होत असेल तर कॅबिनेटमधली धूळ काढा, प्रोसेसर तापला की स्वतःच वेग कमी करतो. आणि अजून फिरती हार्डडिस्क असेल तर एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क, बसवा. जुन्या मशीनला यापेक्षा जास्त फरक पाडणारा खर्च दुसरा नाही.

एवढं करूनही डिफेंडर चालूच होत नसेल, तर मात्र फॉरमॅट. दुकानात देताना बजावून सांगा, क्रॅक ॲक्टिव्हेटर (परवान्याशिवाय विंडोज चालू करणारा चोरटा प्रोग्रॅम) मारू नका. मूळ विंडोज ११ सोबत आलेल्या मशीनचा परवाना हार्डवेअरशी जोडलेला असतो, त्यामुळे तीच आवृत्ती पुन्हा टाकून नेट जोडलं की ती आपोआप ॲक्टिव्हेट होते. विंडोज १० पुन्हा टाकून घेऊ नका, त्याचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला.