जर्मन फुटबॉलच्या खालच्या श्रेणींतील मध्यरक्षकाची कारकीर्द कशी वाचावी

बुंडेसलीगातील, म्हणजे जर्मनीच्या पहिल्या, सर्वांत वरच्या श्रेणीतील, खेळाडूची कारकीर्द समजून घेणे अवघड नसते, कारण त्याचे सामने आपण पाहिलेले असतात. तिसऱ्या-चौथ्या श्रेणीतील मध्यरक्षकाच्या बाबतीत मात्र आपल्या हाती बहुधा एक तक्ताच असतो: हंगाम, क्लब, सामने, गोल. त्या बारा-पंधरा ओळींवरून नजर फिरवून ‘सामान्य खेळाडू’ असा शिक्का मारला जातो, तेव्हा मला फार वाईट वाटते, कारण एखाद्या माणसाची वीस वर्षांची मेहनत त्या ओळींत असते आणि ती नीट वाचायला थोडी तयारी लागते, एवढेच. ती तयारी कशी करावी हे इथे सांगतो, आणि उदाहरणासाठी मार्क श्नाटरर या खेळाडूचा तक्ता समोर ठेवतो.

पहिले काम म्हणजे तक्त्याच्या डाव्या समासात प्रत्येक हंगामापुढे श्रेणीचा आकडा लिहिणे. लीगच्या नावावर विसंबून चालत नाही, कारण जर्मनीत नावे तीच राहिली आणि पायऱ्या बदलत गेल्या. ‘रेगिओनाललीगा’ हे नाव १९६३ ते १९७४ या काळात दुसऱ्या श्रेणीचे होते, १९९४ ते २००८ या काळात तिसऱ्या श्रेणीचे होते, आणि २००८ साली देशभराची एकच ‘ड्रिटे लीगा’, म्हणजे तिसरी लीग, सुरू झाल्यापासून ते चौथ्या श्रेणीचे झाले. मी स्वतः बराच काळ २००६ ची आणि २०१० ची रेगिओनाललीगा एकाच मापाने मोजत होतो आणि त्यामुळे काही चांगल्या खेळाडूंना कमी लेखत होतो. २००८ च्या पलीकडे-अलीकडे पसरलेली कारकीर्द असेल, तर तक्त्यात त्या वर्षाखाली एक आडवी रेघ ओढावी.

आता श्नाटररचा समास पाहा. कार्ल्सरूहेच्या राखीव संघातून तो २००८ मध्ये हायडेनहाइम या छोट्या शहराच्या क्लबकडे आला आणि २०२१ पर्यंत तिथेच राहिला. क्लबच्या रकान्यात तेरा हंगाम एकच नाव आहे, पण समासात चार हा आकडा एकदा, तीन हा पाच वेळा आणि दोन हा सात वेळा येतो. क्लब २००९ मध्ये तिसऱ्या आणि २०१४ मध्ये दुसऱ्या श्रेणीत चढला आणि हा मध्यरक्षक जागचा न हलता दोन पायऱ्या वर गेला. समासातला आकडा नसता तर हे सारे ‘एकाच जागी राहिला’ एवढ्यावरच संपले असते. याच्या उलटही घडते. १८६० म्युनिक हा क्लब २०१७ मध्ये दुसऱ्या श्रेणीतून घसरला आणि तिसऱ्या श्रेणीचा परवाना न मिळाल्याने थेट चौथ्या श्रेणीत गेला. अशा ठिकाणी खेळाडूच्या ओळीतील घसरण ही त्याच्या पायांची घसरण समजू नये.

क्लबच्या नावापुढे रोमन दोनचा आकडा असेल, तर तो राखीव संघ असतो. मोठ्या क्लबांच्या युवा अकादमीतून बाहेर पडलेली मुले प्रौढांचा फुटबॉल बहुधा तिथे शिकतात. या संघांना ड्रिटे लीगाच्या वर जाता येत नाही, म्हणूनच बायर्न म्युनिकचा राखीव संघ २०१९-२० मध्ये ड्रिटे लीगाचा विजेता ठरूनही तिथेच राहिला. राखीव संघातील हंगाम वाचताना खेळाडूचे वय हमखास पाहावे, कारण या संघांना मैदानावर एका वेळी तेवीस वर्षांची वयोमर्यादा ओलांडलेले तीनच खेळाडू उतरवता येतात. ड्रिटे लीगातही प्रत्येक सामन्याच्या यादीत जर्मनीसाठी खेळण्यास पात्र असे किमान चार तरुण खेळाडू लागतात. त्यामुळे तेविसाव्या-चोविसाव्या वर्षी अचानक क्लब बदलला किंवा सामने घटले असे दिसले, तर दुखापतीचा विचार करण्याआधी जन्मतारीख तपासावी.

सामन्यांच्या आकड्याचेही तसेच. ड्रिटे लीगात २० संघ आणि ३८ फेऱ्या असतात, तर वरच्या दोन्ही श्रेणींत १८ संघ आणि ३४ फेऱ्या, म्हणून ३० सामन्यांचे वजन दोन्हीकडे सारखे नाही. २०२० मध्ये करोनानंतर स्पर्धा पुन्हा सुरू झाल्या तेव्हा तीनऐवजी पाच बदली खेळाडूंची मुभा मिळाली, आणि ‘३२ सामने’ या आकड्यामागे शेवटच्या दहा-दहा मिनिटांच्या उपस्थित्याही असू शकतात. मिनिटे मिळाली तर ती जरूर उतरवून घ्यावीत. त्याच काळात २०१९-२० च्या रेगिओनाललीगा स्पर्धा मध्येच थांबल्या, आणि बव्हेरियाच्या विभागात २०१९ ते २०२१ हा एकच लांबलेला हंगाम धरला गेला, म्हणून तिथल्या खेळाडूच्या तक्त्यात दोन वर्षांची एकच ओळ दिसते. ट्युर्कग्युजू म्युनिक या क्लबने दिवाळखोरीमुळे मार्च २०२२ मध्ये ड्रिटे लीगातून माघार घेतली तेव्हा त्याचे त्या हंगामातील सर्व निकाल रद्द झाले. खेळाडू मात्र त्या सामन्यांत प्रत्यक्ष धावले होते, आणि माझ्या वहीत मी ते सामने वेगळ्या शाईने ठेवले आहेत.

गोलच्या रकान्यावर मध्यरक्षकाचे मोल ठरवू नये. जर्मन लोक मधल्या फळीबद्दल आकड्यांतच बोलतात: ‘सहा’ म्हणजे बचावफळीपुढे उभा राहून चेंडू हिसकावणारा, ‘आठ’ म्हणजे दोन्ही टोकांकडे धावणारा, ‘दहा’ म्हणजे आघाडीपटूंमागे राहून खेळ रचणारा. ‘सहा’ने हंगामात एक गोल केला तर त्यात उणेपण काही नाही. ‘किकर’ नियतकालिकातील गुण पाहायचे असतील, तर तिथे १ हा सर्वोत्तम आणि ६ हा सर्वांत वाईट गुण असतो, हे लक्षात ठेवावे, नाहीतर अर्थ नेमका उलटा लागेल.

क्लब का बदलला, याचे उत्तर पुष्कळदा ३० जून या तारखेत असते. करार बहुधा त्या दिवशी संपतात आणि खालच्या श्रेणींत ते वर्ष-दोन वर्षांचेच असतात. युरोपीय न्यायालयाच्या १९९५ च्या बोसमन निकालानंतर करार संपलेला खेळाडू हस्तांतरण शुल्काविना जाऊ शकतो, त्यामुळे खालच्या श्रेणींतील बदल बहुतांशी असेच होतात. शिवाय काही करार ठरावीक श्रेणीपुरतेच असतात आणि क्लब घसरला की आपोआप संपतात. १ जुलैनंतरही क्लबचा रकाना रिकामा असेल, तर तो खेळाडू घरी बसला असेलच असे नाही, कारण खेळाडूंची संघटना दर उन्हाळ्यात बेकार व्यावसायिकांसाठी सराव शिबिर भरवते आणि तिथून अनेकांना नवा क्लब मिळतो.

लीगच्या तक्त्याशेजारी जर्मन चषकाचा, म्हणजे मोठ्या-छोट्या क्लबांच्या बाद पद्धतीच्या स्पर्धेचा, रकाना ठेवावा. छोट्या क्लबच्या खेळाडूला देशभरातले प्रेक्षक पाहतात ते अशा एखाद्याच संध्याकाळी. ३ एप्रिल २०१९ रोजी उपांत्यपूर्व फेरीत बायर्न म्युनिकच्या मैदानावर श्नाटररने गोल करून हायडेनहाइमला २-१ अशी आघाडी मिळवून दिली आणि मध्यंतरापर्यंत ती टिकली. बायर्नने तो सामना अखेर ५-४ असा जिंकला. चषकाच्या रकान्यात या सामन्याची नोंद ‘सामना १, गोल १’ एवढीच होते. अशा नोंदीपुढे तारीख आणि प्रतिस्पर्धी लिहायला विसरू नये.

शेवटच्या ओळी घाईने वाचू नयेत. २०२१ मध्ये श्नाटरर वाल्डहोफ मानहाइमकडे गेला आणि समासात पुन्हा दोनदा तीन हा आकडा आला. २८ मे २०२३ रोजी रेगेन्सबुर्ग येथे भरपाई वेळेत दोन गोल करून हायडेनहाइमने ३-२ असा विजय मिळवला आणि क्लब पहिल्यांदाच बुंडेसलीगात पोहोचला. त्याच उन्हाळ्यात श्नाटररची कारकीर्द मानहाइममध्ये संपली. त्याच्या समासात एक हा आकडा कुठेच नाही.