चीक, लॅच, पान्हा: डॉक्टरांचे शब्द सोप्या भाषेत

नाशिकरोडला बहिणीची डिलिव्हरी झाली, डॉक्टर म्हणाले कोलोस्ट्रम द्या, आणि आम्ही सगळे एकमेकांकडे बघतोय. अहो, चीकच तो! पहिले दोन-तीन दिवस येणारं घट्ट पिवळसर दूध. जुन्या बायका पिळून टाका म्हणतात, अजिबात ऐकू नका, पहिल्या तासाभरातच पाजायला घ्या.

मग लॅच. म्हणजे बाळाने नुसतं बोंड नाही तर भोवतीचा काळा भागही तोंडात घेणं. बाळाचं नाक बोंडासमोर धरा, त्याने मोठा आ केला की त्यालाच छातीकडे आणा, आपण वाकायचं नाही. हनुवटी टेकलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला, गिळल्याचा आवाज येतोय, म्हणजे जमलं. दुखत राहिलं तर ओढू नका, स्वच्छ करंगळी तोंडाच्या कोपऱ्यातून घालून सोडवा आणि परत लावा, बहिणीला चार-पाचदा करावं लागलं.

लेटडाऊन म्हणजे आपला पान्हा, दूध वाहू लागणं; तो ऑक्सिटोसिन या हार्मोनमुळे फुटतो, नुसतं बाळ रडलं तरी गाऊन भिजतो. दूध तयार करणारं हार्मोन प्रोलॅक्टिन वेगळं, ते रात्री जास्त असतं म्हणून रात्रीचं पाजणं टाळू नका.

दूध साठून छाती दगडासारखी झाली तर ती एन्गॉर्जमेंट, थोडं हाताने काढून मग पाजा. एकाच बाजूला लाल, गरम, वर थंडीताप असेल तर मॅस्टायटिस, म्हणजे स्तनाचा दाह, असू शकतो, लगेच डॉक्टरकडे जा, पण पाजणं आपल्या मनाने बंद करू नका.