गर्डरच्या वेबमध्ये भोक: आधी पट्टी, मग कटर

बडोद्यात मकरपुरा जीआयडीसीतल्या (औद्योगिक वसाहतीतल्या) एखाद्या शेडमध्ये नवी पाइपलाइन न्यायची, तर गर्डरच्या (स्टीलच्या तुळईच्या) वेबला, म्हणजे मधल्या उभ्या पत्र्याला, भोक पाडायची वेळ येतेच. मजबुतीसाठी भोकाच्या डाव्या-उजव्या बाजूला उभ्या पट्ट्या मारणं ही नेहमीची चूक. भोकापाशी शिअर, म्हणजे तुळईला उभं कापू पाहणारं बळ, वरच्या आणि खालच्या टी-आकाराच्या भागांतून जातो, त्यांना वाकवतो आणि ताण चार कोपऱ्यांवर साचतो. पट्टी आडवीच हवी, भोकाच्या वर आणि खाली.

आयएसएमबी 400, म्हणजे 400 मिमी उंचीची आय-आकाराची तुळई, घ्या. मधोमध 300 × 200 मिमीचं भोक, तिथे फॅक्टर्ड (सुरक्षिततेसाठी वाढवून धरलेला) शिअर 60 किलोन्यूटन, मोमेंट (वाकवणारा जोर) 100 किलोन्यूटन-मीटर. प्रत्येक टीच्या टोकाला जादा मोमेंट येतो 60 × 0.3 ÷ 4 = 4.5 किलोन्यूटन-मीटर. मुख्य वाकणं धरून कडेचा ताण साधारण 280 मेगापास्कल होतो; ई250 या नेहमीच्या स्टीलची डिझाइनमधली मर्यादा 227. वेबच्या दोन्ही अंगांना, वर-खाली मिळून 50 × 10 मिमीच्या चार पट्ट्या लावल्या की तो 140च्या आसपास येतो.

पट्टी भोकाइतकीच कापली तर ती जवळजवळ फुकट जाते, कारण बळ पट्टीत शिरायला जागाच उरत नाही. इथे दोन्हीकडे 100 मिमी पुढे न्या, म्हणजे लांबी 500. साइटवर 6 मिमी फिलेट (कोपऱ्यात भरायचं तिकोनी वेल्डिंग), पट्टीच्या वरून आणि खालून सलग. 5 मिमीचं वेल्डिंग या 100 मिमीत पट्टीची पूर्ण ताकद पेलत नाही.

भोकाच्या दोन्ही बाजूंना टेकू देऊन जॅकने भार उतरवा. पट्ट्या भोकाच्या कडेपासून 15 मिमी सोडून, समोरासमोर आलटून-पालटून वेल्ड करा. गार झाल्यावर कोपऱ्यांत 36 मिमीची भोकं ड्रिल करा आणि त्यांच्यामध्येच गॅसने कापा. कापाची रेघ कोपऱ्यापलीकडे गेली की तिथूनच चीर निघते. कड ग्राइंड करून कोपरे डाय-पेनिट्रंटने (बारीक चिरा दाखवणाऱ्या रंगाने) तपासा, मगच टेकू काढा. पावसाळ्यात 7018 वेल्डिंग रॉड ओव्हनमध्ये वाळवूनच वापरा, ओलीतला हायड्रोजन वेल्ड तडकवतो.

भोकाची कड आधारापासून आणि पॉइंट लोडपासून निदान 400 मिमी दूर हवी.

कॉलमला (उभ्या खांबाला) शक्यतो गोलच भोक. 8 मिमी वेबमध्ये 100 मिमीचं भोक म्हणजे 800 चौरस मिमी स्टील गेलं. तेवढं तरी उभ्या पट्ट्यांनी, दोन्ही अंगांना समान भरून काढा, नाहीतर भार एका बाजूला सरकतो. भार असताना वेल्डिंगचे लांब रन (सलग लांब पट्टे) मारू नका, तापलेलं स्टील नरम पडतं.