शिष्यवृत्ती मंजूर, पण पैसे कुठे?

महाडीबीटीवर (राज्य सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर) अर्ज मंजूर झाला तरी पैसे येतात ते एनपीसीआयच्या (बँकांमधली देयक यंत्रणा चालवणाऱ्या संस्थेच्या) नोंदीत तुमच्या आधारशी जोडलेल्या खात्यात. खात्याला केवायसीसाठी, म्हणजे ओळख पटवण्यासाठी, आधार जोडणं वेगळं; डीबीटीसाठी, म्हणजे सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठी, सीडिंग (एनपीसीआयकडे ही जोडणी नोंदवणं) वेगळं; बहुतेकांचा घोळ इथेच होतो. ‘माय आधार’च्या संकेतस्थळावर ओटीपीने लॉगिन करून ‘बँक सीडिंग स्टेटस’ बघा. बँकेचं नाव बरोबर आणि स्थिती ‘अ‍ॅक्टिव्ह’ हवी. डीबीटीसाठी एका आधारमागे एकच बँक राहते. म्हणून नवं खातं उघडताना फॉर्ममधल्या डीबीटी संमतीवर सहज टिक केली, की पैसे तिकडे वळतात. शाळेत असताना काढलेल्या खात्यात दोन वर्षं व्यवहारच नसेल तर ते निष्क्रिय झालेलं असू शकतं. शाखेत जाऊन केवायसी करा, सीडिंगचा फॉर्म वेगळा भरा आणि पोच मागून घ्या.