बोअरचं पाणी, लेकीचे केस आणि पांढरे नळ

लेकीचे केस धुतले की मऊ व्हायचे सोडून चिकटच व्हायचे. शाम्पू बदलून पाहिले, महागातला कंडिशनर आणला. जाहिरातीतल्या बाईचे केस झुळझुळत होते, आमच्या घरी कंगवा अडकत होता.

सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, मधले दिवस बोअरवर. आमच्या बोअरचं पाणी जड. त्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियममुळे साबणाचा नुसता साका होतो, शाम्पूलाही नीट फेस येत नाही. मग एक केलं: केस धुवायचं पाणी वेगळं. उजनीचं नळाचं पाणी पिंपात भरून ठेवते आणि निदान शेवटचे दोन-तीन तांबे त्याचेच. फरक पडला. कंडिशनर अजून फडताळात आहे, पाहुण्यांसाठी!

नळ आणि शॉवरवरचा पांढरा थर मात्र साबणाने जात नाही. ढोकळ्यात घालतात ते लिंबूसत्त्व चमचाभर, तांब्याभर कोमट पाण्यात. त्यात फडकं भिजवून नळाला गुंडाळायचं, अर्ध्या तासाने जुन्या टूथब्रशने घासायचं. शॉवरची जाळी काढून त्यातच बुडवली, तर बुजलेल्या भोकांतून बारीक बुडबुडे येताना दिसतात. मग स्वच्छ धुवायचं.

शहाबादी फरशीवर हे पाणी सांडू देऊ नका, आम्ल तो दगड खातं. आणि ब्लीचिंग पावडर किंवा ब्लीचमध्ये कधीच मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू सुटतो.