‘ता.’ म्हणजे तारीख की तालुका? वेबपानावरची लघुरूपं ऐकूनही कळावीत म्हणून

बडोद्यातल्या मराठी मंडळाच्या पानावर अशी ओळ हमखास दिसते: ‘ता. १४, सा. ६.३०, म. स. विद्यापीठाजवळ, आ. स. ना प्रवेश विनामूल्य’. वाचणारा ती एका नजरेत उलगडतो. अंध वाचकांसाठी पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरचा आवाज मात्र ‘ता’ म्हणून अडतो, ‘सा’ म्हणून अडतो. पुष्कळदा टिंब त्याला पूर्णविराम वाटतं. ‘आ. स.’ म्हणजे आजीव सभासद, हे ऐकणाऱ्याने ओळखायचं कसं?

सरळ उपाय म्हणजे ‘तारीख १४, सायंकाळी साडेसहा’ असं लिहून टाकणं. चार अक्षरं वाचवून काही मिळत नाही. लांब नाव असेल तर पहिल्यांदा पूर्ण लिहून कंसात लघुरूप द्या: महाराजा सयाजीराव विद्यापीठ (म. स. विद्यापीठ). पान मोठं असेल तर प्रत्येक मुख्य मथळ्याखाली पूर्ण नाव पुन्हा द्या. एनव्हीडीए या स्क्रीन रीडरमध्ये ‘एच’ दाबत मथळ्यांवरून उड्या मारणारा मधलं काहीच ऐकत नाही.

एचटीएमएलमध्ये लघुरूपासाठी असलेल्या एबीबीआर (abbr) टॅगच्या टायटलमध्ये (title) पूर्ण रूप घातलं की काम झालं, हा गैरसमज फार पसरलेला आहे. एनव्हीडीए ते सहसा आपणहून वाचत नाही आणि जॉज (JAWS) या दुसऱ्या स्क्रीन रीडरमध्ये सेटिंग बदलावी लागते. शिवाय मोबाइलवर बोटाने किंवा नुसत्या कीबोर्डने टायटलची चौकट उघडत नाही, म्हणजे डोळस वाचकांचीही पंचाईत. टॅग ठेवायला हरकत नाही, पण अर्थ मजकुरातच हवा. मजकुराभोवतीच्या साध्या स्पॅन (span) टॅगवर एरिया-लेबल (aria-label), म्हणजे फक्त स्क्रीन रीडरसाठीचं नाव, चिकटवणंही टाळा. ते कधी वाचलं जातं, कधी नाही.

फॉर्मच्या रकान्याची जादा सूचना, समजा ‘मोबाइल क्रमांक १० अंकी, मध्ये जागा न सोडता’, रकान्याखाली उघड लिहा, तिला आयडी द्या आणि तोच आयडी रकान्याच्या एरिया-डिस्क्राइब्डबायमध्ये (aria-describedby, म्हणजे रकान्याला त्याची सूचना जोडणारा गुणधर्म) घाला. रकान्यावर येताच लेबलपाठोपाठ ती ऐकू येते. मात्र ती सपाट मजकूर म्हणून वाचली जाते, त्यामुळे तिच्यात लिंक ठेवू नका. एका वाक्याहून लांब माहिती डीटेल्स-समरीत (details-summary, क्लिकने उघडणारा भाग) घाला, ज्याला हवी तो उघडेल.

आपल्याकडे पत्ता बहुतेक गुजरातीत असतो. पानाला भाषा सांगणारा लँग (lang) गुणधर्म ‘एमआर’ (mr, मराठी) आणि त्या ओळीला ‘जीयू’ (gu, गुजराती) द्या. नाहीतर मराठी आवाज गुजराती अक्षरं अडखळत वाचतो किंवा सरळ गाळतो.

शेवटी एनव्हीडीए सुरू करा, स्क्रीनकडे पाठ फिरवा आणि इन्सर्टसह खालचा बाण दाबून पान सलग ऐका. एनव्हीडीएचं बोलणं अक्षरांत दाखवणाऱ्या स्पीच व्ह्यूअरवर विसंबू नका, तिथे ‘ता.’ जसंच्या तसं छापलेलं दिसतं.